विहीर पुजायच्या आदल्या दिवशी

हणमंत पिसाळ त्या दिवशी एकटाच आला. दार हळू लोटून घेतलं, खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवली आणि दाराकडे तोंड करून बसला. मी पेन खाली ठेवलं. माझ्या दवाखान्यात तो एकटा कधी आलाच नव्हता. पुढे आई, मागे तो, आणि बोलायचं सगळं आईनं, अशी त्यांची रीत होती.

"हौसाबाई कुठं आहेत?" मी विचारलं.

"घरी. आलोय म्हणून तिला सांगितलं नाही."

दाढी वाढली होती, गाल आत गेले होते. शर्टाला मात्र कडक इस्त्री होती.

"झोप लागते का?"

"नाही लागत. पण त्याचा त्रास काय नाही. उलट हलकं वाटतंय." त्यानं टेबलावरच्या काचेवरून बोट फिरवलं. "मॅडम, एक विचारायचं होतं. बारक्या पोराचं रक्त तपासलं तर बाप कोण ते कळतं का?"

मी कराडला मनोविकारतज्ज्ञ म्हणून पाटी लावली तेव्हा लोक ती वाचून रस्ता ओलांडून पलीकडनं जायचे. जे यायचे ते डोकेदुखी, पित्त, झोप असल्या नावांनी यायचे. हणमंतही पित्ताच्याच नावानं आला होता. साखर कारखान्यात फिटर, निर्व्यसनी, हाताखालच्या माणसांना वाकडा शब्द न बोलणारा. पण एकदा संशयानं त्याला धरलं ते असं, की सगळं जग आपल्याला विष घालायला टपलंय म्हणून तो घरात कडी लावून बसला. वडील नव्हते. हौसाबाईनं पित्ताचं औषध आणू म्हणून त्याला माझ्याकडे आणलं. गोळ्या तो घेईना, तेव्हा मी तिला थेंब दिले. त्या थेंबांना ना वास, ना चव. सकाळी दुधातून, रात्री आमटीतून. पेशंटला न सांगता औषध देणं पुस्तकात बसत नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या दारात हौसाबाई येऊन बसलेली नसते.

थेंब लागू पडले. तो कामावर गेला, माणसांत मिसळायला लागला, आणि हौसाबाईनं त्याचं लग्न करून टाकलं. मुलीकडच्यांना आजाराबद्दल काही सांगितलं नव्हतं. सांगा म्हटलं तर तिनं माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "बाई, पोरगं बरं झालंय. आता ह्ये कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई. माझ्या डोक्यावर हात ठिवून सांगा."

मी हात काढून घेतला. "हौसाबाई, पेशंटचं मी कुणालाच सांगत नाही. त्याला शपथ कशाला लागते?"

त्या वेळी ते वाक्य बोलायला मला काहीच जड गेलं नव्हतं.

"कळतं का?" हणमंतनं परत विचारलं.

"लांब कुठं तरी होतात तसल्या तपासण्या. पण तुम्हाला कशाला हव्यात? मुलगी बरी आहे ना?"

त्याची बायको राजश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी बेलवाडीला गेली होती. घटस्थापनेच्या सुमाराला मुलगी झाली होती. हौसाबाई पेढे घेऊन आली तेव्हा माझ्या नर्सच्याही तोंडात तिनं पेढा कोंबला होता.

"बरी आहे म्हणतात. बारशाला बघितलं मी एकदा," तो म्हणाला. "माझी नाही ती."

दारात पडलेली चप्पल आपली नाही असं सांगावं तशा आवाजात त्यानं ते सांगितलं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? नवरात्रात मी देवळात बसलो होतो. नऊ दिवस घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. तिथं डोकं साफ झालं माझं. सगळं दिसायला लागलं. दसरा झाला तरी हातानंच करून खातोय. उद्यापर्यंत नेम आहे."

म्हणजे नवरात्र बसल्यापासून दुधातला थेंब बंद होता आणि आमटीतलाही बंद होता. आता दिवाळीही होऊन गेली होती.

"उद्या काय आहे?"

"विहीर पुजायची आहे. सव्वा महिना होतोय."

आमच्या भागात बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा घराबाहेर पडते ती विहीर पुजायला. हळदकुंकू वाहायचं, नारळ द्यायचा, आणि मग ती सासरी जायला मोकळी.

"मी न्यायला चाललोय तिला," हणमंत म्हणाला. "बेलवाडीची विहीर पायऱ्यांची आहे. शेवाळ धरलंय पार खालपर्यंत. बायका वर उभ्या राहतात आणि बाळंतीण तेवढी पोरीला घेऊन पाण्यापाशी उतरते. मी म्हणणार, एकटी नको, मी हात धरतो. पाय घसरला म्हणतील. दोघींचाही."

आवाज अजिबात चढला नाही.

"हणमंतराव, आज इथंच थांबा. झोपेचं इंजेक्शन देते. उद्याचं उद्या बघू."

"वेडा समजता का मला?"

"दमलेले समजते."

तो हसला. "नाही थांबत."

"मग मला हे कशाला सांगितलंत?"

"कुणाला तरी सांगावंसं वाटलं. आणि तुम्ही कुणाला सांगत नाही. आई म्हणते, बाईंच्या पोटात राहतं सगळं."

उठला, दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि गेला. मी नर्सला हाक मारून बाहेर धावले तोवर त्यानं गाडी सुरू केली होती.

शिकत असताना आम्हाला सांगितलं होतं, की पेशंट बोलतो ते त्याचं असतं, डॉक्टरकडे फक्त ठेवायला दिलेलं असतं. मला ते मनापासून पटलं होतं, अजूनही पटतं. पण ज्या बाईला विहिरीत ढकलायचं ठरलंय तिचंही त्यात काही असतं की नाही? पोलिसांना कळवावं तर जीप बेलवाडीत शिरणार आणि सगळा गाव तिच्यामागे धावणार. फोन करावा तर गावातला एकुलता एक फोन दूध डेअरीत, आणि तिथं एकाला सांगितलेलं दूध घालायला आलेल्या सगळ्यांना कळणार. मी बाहेर बसलेल्या पेशंटना उद्या यायला सांगितलं आणि आधी हौसाबाईकडे गेले.

सून घरी येणार म्हणून तिनं पाळणा धुऊन अंगणात उन्हाला लावला होता. हणमंत घरी आला नव्हता.

"थेंब बंद आहेत हे मला का नाही कळवलं?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"देवीच्या दारात बसला हुता बाई. उपास त्याचा. कशात घालू? आन् मग हातानं करून खायाला लागला." ती पदराशी चाळा करत होती. "देवीच्या दारात आजार कसला वाढतोय, म्हटलं. तुम्ही रागं भरला असता."

"मी बेलवाडीला चाललेय. राजश्रीला सांगावं लागेल."

ती उठून दारात आडवी उभी राहिली. "काय सांगणार?"

"तो आजारी आहे आणि तिला त्याच्यापासून धोका आहे."

"नवरा-बायकोत हुतंय कमीजास्त. थापड मारली म्हणून कोण मरतंय?"

"थापड नाही, हौसाबाई."

त्याच्या तोंडून ऐकलेले शब्द त्याच्या आईच्या कानांवर घालणं मला जमलं नाही. तिनंही विचारलं नाही.

"तुम्ही शबुद दिलाय मला," ती म्हणाली. "माझ्या पोराचं घर मोडंल."

"मोडेल कदाचित."

"मग?"

"मग मोडू दे. बाजूला व्हा."

असं मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. ती बाजूला झाली. तिच्या दिराला घेऊन हणमंतला शोधा, सापडला तर काही करून दवाखान्यात आणा, नाही सापडला तर सकाळी माझ्याबरोबर बेलवाडीला चला, एवढं तिला सांगून मी निघाले.

राजश्रीच्या वडलांना गावात तात्या म्हणत. जावयाच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई बाळंतिणीला बघायला आल्या म्हणून ते खूश झाले आणि चहा घेतल्याशिवाय आत जाऊ देईनात. राजश्रीचे दोघे भाऊ बाहेर सोप्यात बसून कोयत्याला धार लावत होते. धाकट्यानं मागल्या साली बांधावरून चुलतभावाचा हात तोडायचा तेवढा बाकी ठेवला होता, हे तात्यांनीच मला सांगितलं. ते काळजीनं सांगतायत की कौतुकानं, ते कळलं नाही.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा-शेपांचा धूर होता. राजश्रीनं डोक्याला रुमाल बांधला होता आणि मांडीवरच्या मुलीला थोपटत ती बसली होती. मास्तरकीचं शिक्षण झालेली, नीट बघून बोलणारी मुलगी. मी दार लावून घेतलं.

"राजश्री, हणमंतराव माझे पेशंट आहेत."

"हो. पित्ताचे."

"पित्ताचे नाहीत."

मग मी तिला सगळं सांगितलं. लग्नाआधीचा आजार, दुधातले थेंब, नवरात्र, आणि सकाळी तो माझ्यासमोर बसून जे बोलला ते, त्याच्याच शब्दांत. ती मुलीला थोपटत होती. विहिरीपाशी आल्यावर तिचा हात थांबला.

तिनं मुलीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, "मध्यंतरी दूधवाल्याशी दोन शब्द बोलले म्हणून त्यांनी रतीब तोडला होता. मला वाटलं, नवीन लग्न आहे, जीव आहे माझ्यावर."

"तसंच वाटतं सुरुवातीला."

"बाई, हे ते बोलले, की त्यांचा आजार बोलला?"

इतक्या वर्षांत कुणी मला इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही.

"आजार बोलला," मी म्हटलं. "पण हात त्यांचेच असतील."

तिनं मान हलवली. "बरे होतात का यातनं?"

"औषध घेतलं तर होतात."

"खात्रीनं?"

"खात्री मी देऊ शकत नाही. कुणीच देणार नाही. उद्या तू विहिरीवर जायचं नाहीस."

"नाही जात. ताप आलाय म्हणून सांगते." बाहेर भावांचा आवाज आला तशी तिनं मुलीला छातीशी घेतलं. "बाबांना मी सांगते, माझ्या पद्धतीनं. तुम्ही त्यांच्याशी काही बोलू नका. भावांशी तर अजिबात नको."

ते ठरवणं तिचं होतं. मी बाहेर आले, बाळंतीण अशक्त आहे म्हणाले आणि तात्यांनी दिलेली शेंगांची पिशवी घेऊन परत फिरले.

हणमंत रात्रभर घरी गेलाच नाही. सकाळी मी, हौसाबाई आणि तिचा दीर रुग्णवाहिका घेऊन बेलवाडीला पोहोचलो तर तो विहिरीच्या वरच्या पायरीवर बसलेला दिसला. शेजारी फडक्यात बांधलेला नारळ होता. कुणी बाई अजून आली नव्हती, आणि येणारही नव्हती. हौसाबाई जाऊन त्याच्या खांद्याला धरून उभी राहिली.

"चल बाबा, घरी चल."

त्यानं तिच्याकडे बघितलंच नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"सांगितलंत तुम्ही," तो म्हणाला.

"सांगितलं."

"कुणाला सांगत नाही म्हणाला होता."

"म्हणाले होते."

"मग आता मी कुणाला सांगू?"

उत्तराची वाट त्यानं बघितली नाही. उठला, नारळ आईच्या हातात दिला आणि आपल्या पायांनी जाऊन गाडीत बसला. आम्ही दोरी आणली होती, तिची गरज पडली नाही. पडली असती तर, मी सांगितलं ते योग्यच झालं म्हणून, मला बरं वाटलं असतं, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि या वाटण्याची मला लाज वाटली.

दवाखान्यात तो बरा होत गेला. या खेपेला मी त्याला आजाराचं नाव सांगितलं, औषधाचं नाव सांगितलं आणि इतके दिवस ते दुधातून दिलं जात होतं हेही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. घरी सोडल्यावर मात्र तो सांगलीच्या एका डॉक्टरांकडे जायला लागला. माझी पायरी तो परत चढला नाही. त्याला मी कधी दोष दिला नाही.

तो कामावर परत गेल्यावर दोन्हीकडच्या मोठ्या माणसांची बैठक बसली. जावई आजारी होता, आता बरा झालाय, झालं गेलं विसरायचं आणि पोरीला नांदायला पाठवायचं, असं सगळ्यांचं मत पडलं. राजश्री नाही म्हणाली. का नाही, ते सांगेना. मारहाण केली का? नाही. सासूचा जाच आहे का? नाही. मग? मला जायचं नाही. बैठक उठली आणि तात्या तसेच माझ्याकडे आले.

"जावई बरे आहेत का?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही, तात्या."

"पोरीला पाठवू का नको, एवढं तरी सांगा."

"ते तिला ठरवू द्या."

"तुम्ही त्या दिवशी दार लावून तिला काही तरी सांगितलंत. ती तोंड उघडत नाही. आजारी नवऱ्याला टाकलं म्हणून गाव माझ्या तोंडावर बोलतोय."

"तिनं सांगितलं नसेल तर मी सांगणार नाही."

तेव्हा मला कळलं, की तिनं घरात कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मला तिचा रागही आला. एका वाक्यात सुटली असती. तात्या चहा न घेता उठले. लेकीशी त्यांनी फार दिवस अबोला धरला होता म्हणे. पुढे राजश्रीला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, ती मुलीला घेऊन वेगळी राहायला लागली. हौसाबाई दर दिवाळीला तिच्या दारात जाऊन उभी राहायची आणि शेजारीपाजारी ऐकतील अशा शिव्या घालून यायची. अवदसा म्हणायची, नवरा जिवंत असून रांडावलेली म्हणायची. हे सगळं माझ्या कानांवर यायचं. कराड काही फार मोठं नाही.

मधे वर्षं गेली. माझे केस पांढरे झाले. आता लोक पाटी वाचून सरळ आत येतात. गेल्या वर्षी एका दुपारी हौसाबाई दारात उभी राहिली. पाठीत वाकली होती, पण ओळखायला वेळ लागला नाही. बस म्हणायच्या आधीच बसली.

"हणमंत गेला," ती म्हणाली. "काविळीनं. महिना झाला."

मला कळलं नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला. तिनं तो घेऊ दिला, पण डोळे माझ्यावरनं हलवले नाहीत.

"एक इचारायला आलीया. त्या दिशी बेलवाडीला जाऊन तिला काय सांगितलं तुम्ही?"

"ते मी सांगणार नाही."

"मेलाय तो आता. मेलेल्याचं काय झाकायचं?"

"तरी नाही."

"आई हाय मी त्याची."

"म्हणूनच नाही, हौसाबाई."

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं, तिनं तिकडं मान वळवली.

"मला ठावं हाय," ती मग म्हणाली. "त्यानंच सांगितलं. दवाखान्यात, जायच्या आधी. म्हणला, आई, राजश्रीला शिव्या देऊ नगंस. तिला आन् पोरीला मी हिरीत ढकलणार हुतो. डोकं फिरलं हुतं माझं. पोरगी माझीच हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हटलं, लेकरा, आदी का न्हाई बोललास? तर म्हणला, लाज वाटत हुती."

मी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"मी तिच्या दारात काय काय बोलली बाई. तिच्या पोरीदेखत. एकदा तरी तिनं म्हणायचं हुतं, की म्हातारे, तुझा ल्योक माझा जीव घ्यायला उठला हुता. एक अक्षर न्हाई बोलली. का खाल्ल्या तिनं माझ्या शिव्या?"

"सुरुवातीला भावांच्या भीतीनं असेल," मी म्हटलं. "त्यांना कळलं असतं तर त्यांनी हणमंतरावांना जिवंत सोडलं नसतं. पुढचं मला ठाऊक नाही."

"म्हंजी माझं पोरगं जगावं म्हणून."

"हो."

ती खुर्चीच्या हातांना धरून उठली. मग म्हणाली, "मला घिऊन चला तिच्याकडं. एकटीला माझं पाऊल उचलत न्हाई."

राजश्री गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत राहत होती. शाळा नुकतीच सुटली असावी, खांद्याची पर्स अजून तिच्या खांद्यालाच होती. चष्मा लागला होता. सासूला बघून ती क्षणभर थांबली, मग दार पूर्ण उघडलं.

"या. दारात नको, आत या."

हौसाबाई खुर्चीवर बसेना. भिंतीला टेकून खाली बसली. राजश्रीनं तांब्या-भांडं आणलं. तिच्या हाती देता देता ती माझ्याकडे वळली.

"तुम्ही सांगितलंत यांना?"

"नाही," मी म्हटलं.

"त्यानं सांगितलं," हौसाबाई खाली बघून म्हणाली. "हणमंतनं. जायच्या आधी."

हणमंत गेल्याचं राजश्रीला कळलेलं होतं. तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"काय सांगितलं?"

हौसाबाईनं मला सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं, अडखळत, पण काही न वगळता. विहीर, डोकं फिरलं होतं, लाज. शेवटी म्हणाली, "म्हणला, पोरगी माझीच हाय."

राजश्रीनं तांब्या जमिनीवर ठेवला.

"असं म्हणाले? स्वतः?"

"सोताच्या तोंडानं."

"शुद्धीवर होते?"

"शेवटपतुर."

तिनं चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "बाई, मग बरे झाले होते ते."

"हो," मी म्हटलं. "बरे झाले होते."

"कधीपासून?"

हे मला माहीत नव्हतं. तो माझ्याकडे येत नव्हता. मी हौसाबाईकडे बघितलं.

"लई वर्सं झाली, पोरी," हौसाबाई म्हणाली.

राजश्री तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि रडायला लागली.